साडेपाच किलोची एसटी

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अॅक्च्युअली' निम्मे काढलेत. सगळे काढले तर मी बोलतेय असं वाटणार नाही.)

मागे पंख्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. चिपळूणात पंखा बंद करून रेकॉर्डिंग करायचं तर अर्ध्या तासात माझीच गनाश होईल.

मागच्या भागानंतर खूप जणांचे मेसेज आले की स्टोरीला टाकलेल्या त्या एसटीच्या केकबद्दल सांग. रेसिपी दे, किती दिवस लागले, आत काय होतं, दार मागे का आहे. हो, दार मागे का आहे हेही तिघांनी विचारलंय. तुम्ही लोक झूम करून बघता हे मला माहीत नव्हतं. तर आज ते सगळं. दाराचंही.

आधी थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय मी त्या केकपायी एवढी वेडी का झाले ते कळणार नाही. बाबा एसटीत ड्रायव्हर. बत्तीस वर्षं. घाटाच्या गाड्या, वस्तीच्या गाड्या, गणपतीतल्या जादा गाड्या, सगळं. त्यांचा जन्म कागदावर १ जूनचा. तुमच्या घरातही एखादे काका-आजोबा १ जूनचे असतील. शाळेत नाव घालताना खरी तारीख कुणाला आठवायची नाही, मग गुरुजी जूनची पहिली तारीख लावून मोकळे व्हायचे. आता नियम असा, की एक तारखेचा जन्म असेल तर माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे बाबा अठ्ठावन्न पूर्ण करून ३१ मेला. आणि महाराष्ट्रातली पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली ती १ जून १९४८ ला. म्हणून १ जून हा एसटीचा वाढदिवस. बाबांचाही, गुरुजींच्या कृपेने. पार्टी त्याच दिवशी करायची हे मी आणि दादाने फेब्रुवारीतच ठरवून टाकलं.

बाबांना काही नको होतं. "निवृत्त होतोय, लग्न नाही करत," हे त्यांचं उत्तर. म्हणून गुपचूप. थीम अर्थातच लाल परी. मामेबहिणीने जुन्या तिकिटासारखी निमंत्रणं केली, पंच मारलेली. टेबलांना फलाट क्रमांक. खाण्याच्या काउंटरवर पाटी, 'गाडी दहा मिनिटं थांबेल'. दादा स्टँडवरच्या अनाउन्सरचा आवाज काढतो, तो माइकवर. आणि मधोमध केक, तो माझ्याकडे.

पाहुणे साठ. त्यातले चाळीसेक डेपोतले. ही गोष्ट मला आधी फार छान वाटली, आणि मग एके रात्री झोपेतून उठून बसले. युनिकॉर्नचा केक करताना कुणी येऊन म्हणत नाही की शिंग दोन इंच मागे हवं होतं. इथे चाळीस माणसं अशी, की जी ती गाडी रोज चालवतात, धुतात, उघडून दुरुस्त करतात. टीव्हीवर सिनेमातली एसटी दिसली तरी बाबा म्हणणार, "ही आपली नव्हे, रंग मारलाय नुसता." त्यांच्यापुढे मी साखरेची एसटी ठेवणार होते.

बरं, आता कामाचं.

पहिली अडचण मापाची. खरी गाडी साधारण अकरा मीटर लांब, अडीच मीटर रुंद. लांबी रुंदीच्या सव्वाचार पटीहून जास्त. केक पाच इंच रुंद घेतला तर लांबी बावीस इंच व्हायला हवी. बावीस इंचांचा केक माझ्या फ्रीजमध्ये जात नाही, ओव्हनमध्ये एका ट्रेमध्ये होत नाही, आणि उचलताना मधून मोडतो. मग मी पंधरा इंच लांब, पाच रुंद, साडेपाच उंच असं माप धरलं. गाडी थोडी गुटगुटीत दिसते, लहान मुलांच्या पुस्तकातल्या गाडीसारखी. चालतं. फक्त मग सगळंच त्या हिशेबाने कमी करावं लागतं. खऱ्याइतक्या खिडक्या काढल्या तर बस चाळणीसारखी दिसते. मी एका बाजूला सहाच ठेवल्या. काय काय गाळायचं ते कागदावर आधीच ठरवा. हातात फॉन्डंट असताना ठरवायला गेलात तर सगळंच हवंसं वाटतं.

स्पंज बिनअंड्याचा, चॉकलेटचा, दही घालून केलेला. अंडं नसलं की चुरा जास्त पडतो, म्हणून कोरीव केकला हा स्पंज अवघड. पण पाहुण्यांत माळकरी होते, प्रश्नच नव्हता. उपाय एकच, घाई करायची नाही. २९ तारखेला भाजला, गार झाल्यावर क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये. थंड स्पंज पाव कापायच्या दातेरी सुरीने लाकडासारखा कापता येतो. गरम किंवा ताजा असेल तर फाटतो.

आता आतली रचना. हे नीट ऐका, कारण कोरीव केक पडतात ते इथे. साडेपाच इंच नुसता स्पंज एकावर एक ठेवला तर खालचा थर दबतो आणि बाजू फुगतात, पोट सुटल्यासारख्या. म्हणून मी दोन मजले केले. खालचा तीन इंचांचा. त्यात जाड स्ट्रॉ उभे खोचले, सहा, आणि स्पंजच्या वरच्या पातळीला बरोबर कापले. त्यावर पातळ केक बोर्ड, बसपेक्षा सगळीकडून अर्धा सेंटीमीटर लहान. त्यावर वरचा अडीच इंचांचा मजला. म्हणजे वरच्याचं वजन बोर्डावर, बोर्डाचं स्ट्रॉवर, आणि स्पंजने फक्त स्पंज असायचं. एवढं झाल्यावर वरून खालपर्यंत एक लाकडी काठी, टोक काढून, दोन्ही मजल्यांतून आरपार. ती प्रवासासाठी. मजला सरकू नये म्हणून.

आणि बस चाकांवर उभी करायची नाही. हे मी माझ्या पहिल्या जीपच्या केकला शिकले. चाकं म्हणून ठेवलेली बिस्किटं तासाभरात मऊ पडली आणि जीप हळूहळू खाली बसली, म्हशीसारखी. तेव्हापासून खाली एक इंच जाडीचा थर्मोकोलचा ठोकळा, बसपेक्षा अरुंद, फॉइलमध्ये गुंडाळून वरून काळा फॉन्डंट. बस त्याच्यावर. चाकं बाजूला नुसती चिकटवायची. लांबून बघितलं की गाडी चाकांवर उभी वाटते.

कोरताना वरून सुरुवात करा आणि थोडं थोडं काढा. मला फार कोरायचंच नव्हतं, बस म्हणजे खोकंच. टपाच्या कडा गोल केल्या, आणि समोरची बाजू जराशी उतरती केली, काचेसाठी. ही उतरती बाजू लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. म्हणजे, नडणार आहे. निघालेला चुरा टाकू नका. थोड्या गनाशमध्ये मळला की लांबी तयार होते, भिंतीला भरतो तशी. खड्डे त्याने बुजवायचे.

गनाश. पुस्तकात डार्क चॉकलेट दोन भाग आणि क्रीम एक भाग, असं वजनाने लिहिलेलं असतं. ते कोकणातल्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नाही. मी तीन भाग चॉकलेट आणि एक भाग क्रीम घेतलं. कडक बसतं आणि फॉन्डंटला भिंत मिळते. व्हिप क्रीमवर फॉन्डंट लावू नका, प्लीज. क्रीम ओलं, त्याचं पाणी साखर ओढते, आणि वरचा रंग ओघळतो. शिवाय आत क्रीम आणि फळं नसली की केक थंड खोलीत दोन दिवस आरामात राहतो, फ्रीजची गरज नाही.

फ्रीज नको, याला अजून एक कारण आहे. फॉन्डंट म्हणजे साखर. थंड केक दमट हवेत काढला की त्यावर घाम फुटतो, उन्हाळ्यात थंड पाण्याच्या तांब्यावर फुटतो तसा. लाल रंगावर घाम म्हणजे पांढऱ्या पट्ट्यावर लाल ओघळ. मग ठेवायचा कुठे? आमच्याकडे एसी नाही. एसी शेजारच्या काकूंच्या बेडरूममध्ये. मी विचारायला गेले तर काकू म्हणाल्या, "अगो, एवढंच ना? आण इकडे. आम्ही हॉलमध्ये झोपतो." दोन रात्री केक एसीत झोपला, आणि काका-काकू पंख्याखाली. हा भाग ते ऐकतायत की नाही माहीत नाही, पण काकू, तुमचे उपकार आहेत. बाबांपासून लपवायचा प्रश्नही त्यातच सुटला.

लाल फॉन्डंट तयार विकत घेतला. पांढऱ्यात लाल रंग मिसळून गडद लाल करायला गेलात तर एवढा रंग लागतो की फॉन्डंट चिकट होतो, चव कडवट लागते आणि पाहुण्यांचे ओठ पान खाल्ल्यासारखे होतात. पिवळा मात्र घरी मिसळला, तो गरीब रंग आहे.

आरसे, वायपर, मागची शिडी, टपावरचा कॅरिअर आणि पुढची पाटी हे सगळं आठवडाभर आधी केलं. फॉन्डंटमध्ये टायलोज पावडर मळली की ते कडक वाळतं. म्हणजे वाळायला हवं. नाशिकला एका रात्रीत वाळेल. इथे तीन दिवसांनी आरसे अजून चिकणमातीसारखे. शेवटी ओव्हन बंद ठेवून त्यातला फक्त दिवा लावला आणि रात्रभर आत ठेवले. त्या दिव्याची ऊब पुरते. हा ओव्हन माझा दुसरा. पहिला २२ जुलै २०२१ च्या पुरात गेला. तेव्हा माझे केक नुकते कुठे चालायला लागले होते, आणि मी म्हटलं, सोडून देऊ. पंधरा दिवसांनी दुकानातून फोन आला, ओव्हन घेऊन जा, पैसे दिलेत. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत. आजपर्यंत. मीही नाही.

चला. ३१ मे.

बाबांची शेवटची ड्युटी. संध्याकाळी गाडी डेपोत आली तेव्हा समोर झेंडूच्या माळा, बाबांच्या गळ्यात हार. लोक फोटो काढत होते, आणि बाबा खाली उतरून, सवयीने, टायर बघत होते. रात्री जेवले, लवकर झोपले. मी काकूंकडे.

मी फॉन्डंट वरून चादरीसारखा घालत नाही, निदान खोक्याच्या आकाराला नाही. कोपऱ्यांना चुण्या पडतात. त्यापेक्षा पत्रे कापायचे. गाडीच्या बॉडीला पत्रा लावतात तसेच. तीन-चार मिलिमीटर जाड लाटायचं, टेम्प्लेट ठेवून कापायचं, दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवून जरा ताठ होऊ द्यायचं, आणि गनाशला किंचित पाण्याचा हात लावून चिकटवायचं. माझी टेम्प्लेट्स बटर पेपरवर होती. डाव्या बाजूला सहा खिडक्या आणि पुढच्या भागात प्रवाशांचं दार. उजव्या बाजूला खिडक्या आणि पुढे ड्रायव्हरचं छोटं दार. पुढची-मागची बाजू साधी लाल, त्यावर काच वगैरे नंतर.

साडेअकराला वळीव आला. विजा, वारा, आणि लाईट गेली. काकूंच्या इन्व्हर्टरवर पंखा चालतो, एसी नाही. खोली अजून थंड होती, पण किती वेळ? फॉन्डंट लाटलेलं होतं. थांबले असते तर ते वाळून तडकलं असतं, आणि खोली तापली असती तर गनाश मऊ झालं असतं. मोबाईलचा टॉर्च डब्याला टेकवून ठेवला आणि कापत सुटले. दोन्ही बाजूंचे पत्रे कापले, लावले. एकदम चपखल. मला माझंच कौतुक वाटलं. टप लावला. दीड वाजता आई चहा घेऊन आली. टॉर्च फिरवून तिने गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली,

"माणसं काय रस्त्याच्या मधोमध उतरवणार आहेस?"

मला दोन सेकंद कळलंच नाही. मग कळलं. दार उजवीकडे होतं.

झालं काय, तर बटर पेपर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. पेन्सिलची बाजू फॉन्डंटला लागू नये म्हणून ती वर ठेवायची असते, आणि टॉर्चच्या उजेडात मी दोन्ही कागद उलटे ठेवले. डाव्या बाजूचा पत्रा आरशातला झाला, आणि आरशातला डावा पत्रा उजवीकडे बरोब्बर बसतो. म्हणून तर चपखल वाटला! टेम्प्लेटवर आधी मोठ्ठ्या अक्षरात 'वर' आणि 'पुढे' लिहा. एवढंच लिहायला मला दहा सेकंद लागली असती.

चाळीस ड्रायव्हर-कंडक्टर, आणि उजव्या दाराची एसटी. पत्रे काढावेत तर गनाशसकट निघणार. लाल फॉन्डंट उरलं होतं मूठभर. दीड वाजलेले, लाईट नाही. मी खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. खोटं कशाला सांगू.

आईने चहाचा कप माझ्या हातात दिला. ती बत्तीस वर्षं ड्रायव्हरची बायको आहे. म्हणाली, "मग गाडी उलटी कर की. डेपोत नाही का करत, रिव्हर्स."

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे पुढचं मागे कर. मग दार डावीकडे नाही का येत?"

तुम्ही ऐकताऐकता हात फिरवून बघत असाल. मीही तसंच केलं, हवेत. येतं! पुढची बाजू मागची मानली की उजवी बाजू डावी होते. पुढे-मागे दोन्हीकडे नुसता लाल पत्रा होता, काच लावायचीच होती. दार डावीकडे आलं, फक्त पुढून मागे गेलं. आणि ड्रायव्हरचं छोटं दार? ते गेलं उजवीकडे, मागच्या कोपऱ्यात. तिथे एसटीला काय असतं? मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं. खाण्याच्या शाईचं पेन घेतलं आणि त्या दारावर बारीक अक्षरात लिहिलं, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'.

नव्या पुढच्या बाजूला ड्रायव्हरचं दार सुरीच्या पाठीने नुसतं कोरलं, फॉन्डंट अजून मऊ होतं म्हणून जमलं. उतरती कोरलेली बाजू आता मागे गेली होती, खरी गाडी तशी नसते. तिच्यावर शिडी आणली, जरा वर सरकवून. पाठीमागचा उतार शिडीने झाकला. समोरची काच सरळ उभी राहिली, त्याला इलाज नव्हता. काच म्हणजे करड्या फॉन्डंटचा तुकडा. पिवळा पट्टा, दिवे, आरसे. बाजूला 'बहुजन हिताय बहुजन सुखाय'. नंबर प्लेटवर बाबांचा बिल्ला नंबर. चाकांना चॉकलेटमध्ये बुडवलेली गोल बिस्किटं, पुढे एकेक आणि मागे दोन-दोन जोडून. पाटीवर 'चिपळूण – घर'. ही आयडिया मला फेब्रुवारीत फार भारी वाटली होती, पहाटे चारला जरा जास्तच वाटली, पण पाटी वाळलेली होती. लाईट साडेचारला आली. एसी लावला आणि त्याच्याशेजारी फरशीवर झोपले.

आता वाहतूक. हॉल खेर्डीला, आमचं घर पागेवर. मधे चिंचनाका, बहाद्दूरशेख नाका, पाच-सहा किलोमीटरसुद्धा नाही. पण पावसाने रात्रीत खड्डे उघडे पडलेले. दादाने मामाची व्हॅन आणली. दादाच्या ड्रायव्हिंगने माझा एक दोन मजली केक आधी गेलाय, एका ब्रेकमध्ये, पुढच्या सीटच्या पाठीवर. आणि दादाला माइकसाठी हॉलवर आधी पोचायचं होतं. रिक्षात नेऊ? त्या रस्त्याने रिक्षात?

मी घरी गेले. बाबा नवा शर्ट घालून पेपर वाचत होते. त्यांना एवढंच सांगितलं होतं की खेर्डीला कुणाचं तरी जेवण आहे. म्हटलं, "बाबा, माझी एक ऑर्डर खेर्डीला सोडायचीय. तुम्ही चालवाल?"

त्यांनी पेपर घडी केला. "किती वजन?"

"साडेपाच किलो."

"ठेवणार कुठं?"

केक सीटवर ठेवू नका, हे सांगायचं राहिलं. सीट मागे उतरती असते, केकही मग तसाच उतरतो. व्हॅनची मागची सीट पाडून सपाट जागा केली होती, खाली योगा मॅट, म्हणजे खोकं सरकत नाही. बाबांनी हात फिरवून मॅट तपासली, खोक्याच्या चारी बाजूंना गोधड्या लावल्या, आणि खोकं न उघडता विचारलं, "पुढची बाजू कुठली?" मी दाखवली. त्यांनी खोकं फिरवून लांबी गाडीच्या लांबीला आणली. "आडवं ठेवलंस तर वळणावर कलंडेल." हे मला कुठल्या कोर्समध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

मी मागे खोक्याशेजारी बसले. तयार झाल्यावर पत्र्यावर दोनदा टकटक केलं. डबल बेल. बाबा हसले आणि गाडी सुटली.

मंडळी, त्या वीस मिनिटांत एकदाही ब्रेक जाणवला नाही. लागला असणारच, पण मला कळला नाही. खड्डा दिसायच्या कितीतरी आधी गाडी हळू झालेली असायची. बहाद्दूरशेख नाक्यावर एक बाइकवाला आडवा आला, मी डोळे मिटले, उघडले तर खोकं जागच्या जागी. मी म्हटलं, "कसं काय जमतं?" म्हणाले, "मागं पन्नास माणसं उभी असतात बाय. कुणाच्या हातात पोर, कुणाच्या डोक्यावर पाटी. जोरात ब्रेक लागला म्हणजे आपलं आधी लक्ष नव्हतं." मग जरा वेळाने, "कालपर्यंत असायची."

पुढे कुणी काही बोललं नाही. खेर्डी आलं.

हॉलचं दार उघडलं आणि दादाचा आवाज. "चिपळूणहून सुटणारी... गाडी... फलाट क्रमांक एकवर लागली आहे..." पुढचं तुम्हाला व्हिडिओत दिसलंच असेल. बाबा दोन मिनिटं दारातच उभे. खोकं मी आतल्या बाजूने आधीच नेलं होतं.

झाकण काढलं. बाबा टेबलाभोवती फिरले. सावकाश, हात पाठीमागे बांधून. ड्युटीवर निघायच्या आधी गाडीभोवती फिरतात ना, तसं. वाकून मागची चाकं बघितली. "जोडचाक आहे." बरं वाटलं. मग पुढे आले, आरसे, दिवे, नंबर प्लेट. बिल्ला नंबर वाचला, चष्मा काढून पुसला, परत घातला. मग डाव्या बाजूला थांबले.

"दार मागं गेलंय."

मला वाटलं जमिनीत जावं. पण तेवढ्यात चाळीस माणसं टेबलाला भिडली होती. वर्कशॉपमधले एक काका खाली वाकून विचारतात, "सायलेन्सर कुठाय?" एक कंडक्टर मावशी, "घंटीची दोरी नाही, मी गाडी सोडणार नाही." कुणीतरी, "पाटीवर मार्गे लिहिलं नाही, मार्गे काय?" बाबा म्हणाले, "कुंभार्ली." ते माझ्याआधी सगळ्यांना उत्तरं द्यायला लागले. समोरची काच अशी सरळ का, तर म्हणे जुनं मॉडेल आहे. दार मागे का, तर म्हणे गर्दीत बरं पडतं. मला त्यांनी तोंड उघडू दिलं नाही.

कापायची वेळ आली. सुरी हातात घेऊन बाबा परत फिरले. पुढून कापा म्हणाले सगळे, फोटो चांगला येईल. बाबा म्हणाले, तिथे ड्रायव्हर बसतो. मागे गेले, उजवा कोपरा. ते बारीक अक्षर वाचलं, आणि इतके हसले, इतके हसले की सुरी खाली ठेवावी लागली. आई तोंडाला पदर लावून उभी. मग त्यांनी संकटकालीन दारातून पहिला तुकडा काढला.

तीन इंच कापल्यावर सुरी बोर्डाला लागली, टक्. वर्कशॉपवाले काका म्हणाले, "चासी एवढ्या वर?" कोरीव केक कापायला नेहमी तुम्ही स्वतः जा. वरचा मजला आधी पूर्ण वाटायचा, काठी उपटायची, बोर्ड काढायचा, मग खालचा. आणि स्ट्रॉ मोजून काढा. खोचलेले सहा, निघालेले सहा. पाहुण्याच्या तोंडात एक निघाला तर तुमची कीर्ती गावभर. साठ माणसांना बस पुरली नसती, म्हणून दोन किलोचा साधा केक आत वेगळा ठेवला होता, तोही संपला.

कितीला द्यायचा, असंही विचारलंय बऱ्याच जणांनी. सामान सोडून माझे एकूण एकतीस तास गेले. तुमच्या एका तासाचा भाव तुम्ही ठरवा आणि गुणाकार करा. किलोच्या भावाने असला केक घेऊ नका, मार खाल.

पाटी तेवढी उरली. 'चिपळूण – घर'. बाबांनी ती रुमालात गुंडाळून खिशात घातली आणि घरी शोकेसमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी मुंग्या. मग त्यांनी ती फ्रीजमध्ये ठेवली. मी म्हटलं, बाबा, बाहेर काढली की घाम फुटेल तिला. आता ती तांदळाच्या डब्यात आहे, आणि आई रोज भात टाकताना ती बाजूला काढते.